वेबसाइट सुरू असूनही उघडत का नाही? 'डीएनएस' नावाची इंटरनेटची पत्तावही समजून घ्या

"सर्व्हर डाउन आहे, उद्या या."

सातबारा काढायला, दाखल्यासाठी अर्ज करायला किंवा धान खरेदीची ऑनलाइन नोंदणी करायला गेलेल्या माणसाने हे वाक्य ऐकलं नसेल, असं क्वचितच होतं. लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातल्या एखाद्या गावातून आलेल्या शेतकऱ्यासाठी 'उद्या या' म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणं आणि एसटीचं भाडं पुन्हा भरणं. नोंदणीची शेवटची तारीख जवळ असेल, तर प्रश्न आणखी गंभीर होतो.

पण प्रत्येक वेळी खरंच सर्व्हर बंद असतो का? नाही. काही वेळा सर्व्हर अगदी व्यवस्थित चालू असतो, वेबसाइटवर सगळी माहिती जागच्या जागी असते. फक्त तिथपर्यंत पोहोचायचा पत्ता तुमच्या मोबाइलला सापडत नसतो. हा पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डोमेन नेम सिस्टम, थोडक्यात डीएनएस.

ही यंत्रणा काय करते, तिच्या सेटिंगमुळे वेबसाइट वेगवान किंवा मंद का होते, कधीकधी ती पूर्ण गायब का होते आणि अशा वेळी आपण काय करू शकतो, हे सोप्या भाषेत पाहू.

डीएनएस म्हणजे नेमकं काय?

इंटरनेटवरच्या प्रत्येक सर्व्हरला एक आकड्यांचा पत्ता असतो. त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. मशीनला हे आकडेच कळतात. माणसाला मात्र नाव लक्षात ठेवणं सोपं जातं. मोबाइलमध्ये आपण 'मामा', 'डॉक्टर', 'कृषी सहायक' अशी नावं सेव्ह करतो आणि नंबर पाठ करत नाही, तसंच हे आहे. नाव टाकल्यावर त्याच्या मागचा नंबर शोधून देण्याचं काम डीएनएस करतं.

सुरुवातीच्या काळात अशी यादी एकाच फाइलमध्ये होती. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती सांभाळली जायची आणि बाकीच्या संगणकांना तिची प्रत घ्यावी लागायची. संगणक वाढले तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. तिची मुख्य कल्पना अशी होती, की सगळी यादी एका जागी ठेवायची नाही. ज्याचं नाव, त्याने त्याची माहिती सांभाळायची. आज ४० वर्षांनंतरही इंटरनेट याच कल्पनेवर चालतं.

पत्ता शोधायचा प्रवास

उदाहरण म्हणून भंडारा जिल्ह्याचं अधिकृत संकेतस्थळ घेऊ. त्याचं नाव आहे 'भंडारा डॉट जीओव्ही डॉट इन'. अर्थात ब्राउझरमध्ये ते इंग्रजी अक्षरांत टाकावं लागतं. हे नाव टाकल्यावर काय होतं?

१. मोबाइल आधी स्वतःकडे बघतो. थोड्या वेळापूर्वीच हे संकेतस्थळ उघडलं असेल, तर उत्तर जवळच साठवलेलं असतं. काम तिथेच संपतं.

२. उत्तर जवळ नसेल तर मोबाइल 'रिझॉल्व्हर'ला विचारतो. रिझॉल्व्हर म्हणजे तुमच्या वतीने पत्ता शोधून आणणारा सर्व्हर. तो बहुतेक वेळा तुमच्या सिमकार्ड किंवा ब्रॉडबँड कंपनीचा असतो.

३. रिझॉल्व्हरकडेही उत्तर नसेल तर तो 'रूट सर्व्हर'ला विचारतो. रूट सर्व्हर फक्त एवढंच सांगतो, की 'इन'ने संपणाऱ्या नावांची चौकशी कुठे करायची.

४. 'डॉट इन'ची यादी भारतात नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया म्हणजे निक्सी ही संस्था सांभाळते. तिथून 'जीओव्ही डॉट इन'कडे बोट दाखवलं जातं. सरकारी नावांची ही शाखा नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या म्हणजे एनआयसीच्या अखत्यारीत येते.

५. शेवटी त्या नावाची अधिकृत माहिती असलेला 'नेमसर्व्हर' आयपी अ‍ॅड्रेस सांगतो. रिझॉल्व्हर तो तुमच्या मोबाइलला देतो आणि मग कुठे वेबसाइट उघडायला सुरुवात होते.

हे सगळं सहसा डोळ्याची पापणी लवण्याच्या आत होतं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. नाव वाचताना आपण डावीकडून उजवीकडे जातो, डीएनएस मात्र उजवीकडून डावीकडे जातं. आधी 'इन', मग 'जीओव्ही', मग 'भंडारा'. हा क्रम खोट्या लिंक ओळखायलाही उपयोगी पडतो. त्याबद्दल पुढे पाहू.

रूट सर्व्हरची जगात १३ नावं आहेत, इंग्रजी 'ए'पासून 'एम'पर्यंत. म्हणजे जगात फक्त १३ मशीन आहेत, असा अनेकांचा गैरसमज होतो. प्रत्यक्षात एकाच पत्त्यावर उत्तर देणाऱ्या प्रती ठिकठिकाणी ठेवलेल्या असतात आणि त्यांची एकूण संख्या दीड हजाराच्या वर आहे. मुंबईसह भारतातही अशा प्रती आहेत. 'एकच पत्ता, अनेक ठिकाणी सर्व्हर' या पद्धतीला 'एनीकास्ट' म्हणतात. तुमचा प्रश्न साधारणपणे त्यातल्या जवळच्या प्रतीकडे जातो.

टीटीएल: उत्तर किती वेळ साठवायचं?

प्रत्येक वेळी हा पूर्ण प्रवास करावा लागला असता, तर इंटरनेट फारच मंद झालं असतं. म्हणून रिझॉल्व्हर एकदा मिळालेलं उत्तर काही काळ साठवून ठेवतो. किती काळ, हे वेबसाइटचा मालक ठरवतो. या मुदतीला टीटीएल, म्हणजे 'टाइम टू लिव्ह' म्हणतात. ती सेकंदांत लिहितात. ३०० म्हणजे ५ मिनिटं, ३६०० म्हणजे १ तास आणि ८६४०० म्हणजे २४ तास.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. इथले माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, पावसाचं पाणी साठवतात. पाऊस थांबला तरी धानाला काही दिवस पाणी मिळत राहतं. साठवलेल्या डीएनएस उत्तराचंही असंच असतं. मूळ नेमसर्व्हर काही वेळ बंद पडला, तरी साठा असेपर्यंत लोकांना पत्ता मिळत राहतो.

मग टीटीएल नेहमी मोठाच ठेवावा का? नाही, कारण त्यात एक अडचण आहे.

समजा, एका वेबसाइटचा टीटीएल २४ तासांचा आहे. सोमवारी सकाळी १० वाजता ती नव्या सर्व्हरवर हलवली. साकोलीतल्या एकाने ९ वाजून ५५ मिनिटांनी ती उघडली होती. त्याच्या कंपनीच्या रिझॉल्व्हरकडे जुना पत्ता मंगळवारी ९ वाजून ५५ मिनिटांपर्यंत राहू शकतो. तुमसरमधल्या दुसऱ्याने वेगळ्या कंपनीच्या नेटवरून १० वाजून ५ मिनिटांनी ती उघडली, तर त्याला लगेच नवा पत्ता मिळेल. जुना सर्व्हर तोपर्यंत बंद केलेला असेल तर एकाला वेबसाइट दिसते, दुसऱ्याला दिसत नाही.

"आमच्याकडे तर चालतंय, तुमच्याकडेच काहीतरी गडबड आहे," हे वाक्य इथूनच येतं. दोघंही खरं बोलत असतात.

याउलट टीटीएल फारच कमी ठेवला, तर रिझॉल्व्हरला सतत विचारणा करावी लागते. वेबसाइट थोडी मंद होते आणि नेमसर्व्हर बंद पडला तर काही मिनिटांत ती सगळ्यांसाठी गायब होते. म्हणून जाणकार साधा मार्ग वापरतात. एरवी टीटीएल एक तास किंवा त्याहून जास्त ठेवायचा. सर्व्हर बदलायच्या एक-दोन दिवस आधी तो ५ मिनिटांवर आणायचा. बदल करायचा, सगळीकडे नीट उघडतंय याची खात्री करायची आणि मगच टीटीएल पुन्हा वाढवायचा. जुना सर्व्हरही दोन-तीन दिवस सुरू ठेवायचा.

आणखी एक बारकावा आहे. 'हे नाव अस्तित्वातच नाही' हे नकाराचं उत्तरसुद्धा साठवलं जातं. त्यामुळे चूक दुरुस्त केल्यानंतरही काही लोकांना थोडा वेळ वेबसाइट सापडत नाही.

वेगाचा संबंध कुठे येतो?

इंटरनेट केबलमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. नेमसर्व्हर मुंबईत असेल आणि केबलचा मार्ग सुमारे १००० किलोमीटर धरला, तर प्रश्न जाऊन उत्तर येण्याचं अंतर २००० किलोमीटर होतं. म्हणजे आदर्श स्थितीत १० मिलिसेकंद. तोच नेमसर्व्हर १३,००० किलोमीटर दूर अमेरिकेत असेल, तर किमान १३० मिलिसेकंद. प्रत्यक्षात मधल्या यंत्रणांमुळे वेळ आणखी वाढतो.

१३० मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण आजची वेबसाइट एकाच नावावर चालत नाही. बातम्यांचं एखादं पान उघडलं, तर फोटो एका नावावरून, फॉन्ट दुसऱ्या, व्हिडिओ तिसऱ्या आणि जाहिराती आणखी चार-पाच नावांवरून येतात. यातली काही नावं एकाच वेळी विचारली जातात, तर काही एकामागून एक. प्रत्येक टप्प्यावर थोडा उशीर झाला, की पान उघडायला दोन-तीन सेकंद सहज लागतात. गावात नेटवर्कचा एकच दांडा असेल, तर ही वाट पाहणं आणखी लांबतं.

सेटिंगमधल्या या चुकांमुळे वेबसाइट मंद होते:

- मेलेला नेमसर्व्हर. यादीत दोन नेमसर्व्हर लिहिलेत, पण त्यातला एक बंद आहे. रिझॉल्व्हरने आधी बंद असलेल्याला विचारलं, तर तो उत्तराची वाट पाहतो आणि मग दुसऱ्याकडे वळतो. परिणामी वेबसाइट कधी पटकन उघडते, कधी अडकते.
- लांबलचक साखळी. एक नाव दुसऱ्या नावाकडे पाठवतं, दुसरं तिसऱ्याकडे. याला 'सी-नेम' रेकॉर्ड म्हणतात. सोय म्हणून ते चांगलं, पण प्रत्येक कडी वेळ खाते.
- सगळे नेमसर्व्हर एकाच ठिकाणी. ते दूर असतील तर उशीर होतो आणि तिथली वीज किंवा केबल गेली तर सगळंच बंद होतं.

जग थांबवणाऱ्या चार घटना

डीएनएस बिघडलं तर मोठमोठ्या कंपन्याही कशा हतबल होतात, हे चार घटनांवरून कळतं.

२१ ऑक्टोबर २०१६, डाइन. डाइन ही अमेरिकन कंपनी अनेक वेबसाइटना डीएनएस सेवा पुरवत होती. 'मिराय' नावाच्या व्हायरसने ताब्यात घेतलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसारख्या असंख्य उपकरणांनी तिच्यावर खोट्या विनंत्यांचा मारा केला. ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय, रेडिट अशा सेवा अनेकांना उघडेनात. त्यांचे स्वतःचे सर्व्हर सुरू होते, फक्त पत्ता सांगणारा बंद पडला होता. धडा असा, की पत्ता सांगायची जबाबदारी एकाच कंपनीवर सोपवू नये.

२४ सप्टेंबर २०१८, झोहो. ही घटना आपल्या देशातल्या कंपनीची. झोहोची ईमेल आणि ऑफिसची सॉफ्टवेअर लाखो लोक वापरतात. कंपनीचं डोमेन जिथे नोंदवलं होतं, त्या अमेरिकन रजिस्ट्रारने फसव्या ईमेलच्या तक्रारींचं कारण देऊन ते थांबवलं. झोहोचे तेव्हाचे प्रमुख श्रीधर वेंबू यांना ट्विटरवर जाहीर मदत मागावी लागली. काही तासांत डोमेन परत सुरू झालं, तरी साठवलेल्या उत्तरांमुळे काही ग्राहकांना पुढेही त्रास होत राहिला. सर्व्हर तुमचे, कर्मचारी तुमचे, पण नावाची किल्ली दुसऱ्याकडे, हे किती धोक्याचं आहे ते त्या दिवशी दिसलं.

४ ऑक्टोबर २०२१, फेसबुक. सोमवारी रात्री नऊच्या सुमारास भारतात फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकदम बंद पडलं. अनेकांनी मोबाइल रीस्टार्ट केला, रिचार्ज संपला का ते पाहिलं. प्रत्यक्षात देखभालीच्या कामात दिलेल्या एका आदेशामुळे कंपनीचं अंतर्गत जाळं तुटलं होतं. डेटा सेंटरशी संपर्क तुटताच नेमसर्व्हरनी 'आमच्याकडे येण्याचा मार्ग हा' ही घोषणाच मागे घेतली. नेमसर्व्हर चालू होते, पण तिथे जायचा रस्ता नकाशावरून पुसला गेला होता. सेवा परत यायला सुमारे सहा तास लागले. लोक आणि अ‍ॅप पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहिल्यामुळे रिझॉल्व्हरवरचा भार प्रचंड वाढला. क्लाउडफ्लेअर या कंपनीने तो नेहमीच्या ३० पट झाल्याचं सांगितलं.

२० ऑक्टोबर २०२५, अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेस. ऐन दिवाळीत, दुपारी जगभरातली कितीतरी अ‍ॅप अडखळली. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या केंद्रात डीएनएसच्या नोंदी आपोआप बदलणाऱ्या दोन प्रक्रिया एकमेकींच्या आड आल्या. परिणामी एका महत्त्वाच्या डेटाबेस सेवेच्या नावापुढचा पत्ता कोरा राहिला. त्या सेवेवर अवलंबून असलेल्या इतर सेवाही मग एकामागून एक कोसळल्या.

चारही ठिकाणी कारण वेगळं होतं. बाहेरून आलेला हल्ला, रजिस्ट्रारचा निर्णय, तुटलेला मार्ग आणि स्वयंचलित यंत्रणेतली चूक. सामान्य माणसाला मात्र चारही वेळा एकच दिसलं, 'उघडत नाही'.

याचा आपल्या बँकेशी काय संबंध?

डीएनएसचा विषय आपल्यापासून लांब आहे, असं वाटत असेल तर बँकांचं उदाहरण पाहा. बनावट बँक वेबसाइटमुळे होणारी फसवणूक कमी करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी 'बँक डॉट इन' हे खास डोमेन जाहीर केलं. ते देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे आहे. बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत नव्या पत्त्यावर जायला सांगण्यात आलं आणि हा नियम सहकारी बँकांनाही लागू होता.

वेबसाइटचं नाव बदलणं म्हणजे फक्त पाटी बदलणं नाही. डीएनएसमध्ये वेगवेगळ्या कामांसाठी वेगळ्या नोंदी असतात:

- ए रेकॉर्ड वेबसाइटचा आयपी अ‍ॅड्रेस सांगतो.
- एमएक्स रेकॉर्ड ईमेल कुठे पोहोचवायची ते सांगतो.
- टीएक्सटी रेकॉर्डमध्ये इतर माहिती असते. बँकेच्या नावाने ईमेल पाठवायचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे, हेही इथेच लिहितात.
- एनएस रेकॉर्ड त्या नावाचे अधिकृत नेमसर्व्हर कोणते ते सांगतो.

ए रेकॉर्ड बरोबर आणि एमएक्स चुकला, तर वेबसाइट उघडते पण ग्राहकांच्या ईमेल परत जातात. टीएक्सटी रेकॉर्ड राहून गेला, तर बँकेची खरी ईमेल स्पॅममध्ये पडू शकते. जुनं डोमेन लगेच सोडून दिलं, तर ते दुसरा कोणी विकत घेऊ शकतो आणि तिथे बँकेसारखं दिसणारं पान उभं करू शकतो. म्हणून जुनं नाव काही वर्षं स्वतःकडे ठेवून तिथून नव्या पत्त्यावर वळवणं शहाणपणाचं असतं.

मोबाइल अ‍ॅप वापरणाऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. अ‍ॅप उघडताना आपण नाव टाइप करत नाही, पण अ‍ॅप आतून नावच शोधत असतं. त्यामुळे डीएनएस बिघडलं तर अ‍ॅपही अडकतं.

सरकारी संकेतस्थळांचं काय?

सरकारी संकेतस्थळांचे पत्तेही काळानुसार बदलले. अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळं आधी 'एनआयसी डॉट इन'ने संपायची, आता ती 'जीओव्ही डॉट इन'ने संपतात. भंडाऱ्याचं संकेतस्थळही यातलंच. वेगवेगळ्या जिल्ह्यांची संकेतस्थळं दिसायला सारखी असतात, याचं कारण ती एनआयसीच्या 'एस-थ्री-वास' या एकाच व्यासपीठावर तयार केलेली आहेत.

याचा फायदा असा, की सुरक्षा आणि देखभाल एका जागी नीट होते. प्रत्येक जिल्ह्याला वेगळा तज्ज्ञ नेमावा लागत नाही. दुसरी बाजू अशी, की सामायिक व्यासपीठावर अडचण आली तर अनेक संकेतस्थळांवर एकाच वेळी परिणाम होऊ शकतो.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी वेबसाइट अडकते, तेव्हा कारण बहुतेक वेळा गर्दी हे असतं. लाखो विद्यार्थी एकाच मिनिटात येतात आणि सर्व्हरवर ताण येतो. पत्ता सापडलेला असतो, पण दारात रांग असते. डीएनएसच्या बिघाडात दारापर्यंत पोहोचताच येत नाही.

आता मराठीतही डोमेन

२७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतलं 'डॉट भारत' हे डोमेन सुरू झालं. हिंदी, मराठी, कोकणी अशा देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी ते होतं. डीएनएसमध्ये मात्र ही नावं देवनागरीत साठवली जात नाहीत. ब्राउझर आतल्या आत त्यांचं इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांत रूपांतर करतो.

यात एक गंमत आहे. 'भंडारा' आणि 'भण्डारा' आपण सारखेच वाचतो, पण संगणकासाठी या दोन वेगळ्या अक्षररचना आहेत. म्हणून मराठी डोमेन घेताना लोक कोणत्या पद्धतीने टाइप करतील, याचा आधी विचार करावा लागतो.

वेबसाइट उघडली नाही तर तुम्ही काय कराल?

आधी स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा. कारण तिथेच सापडतं.

- 'एनएक्सडोमेन' किंवा 'आयपी अ‍ॅड्रेस कुड नॉट बी फाउंड' असा संदेश असेल तर पत्ता सापडलेला नाही. नाव टाइप करताना चूक झाली असेल किंवा डीएनएसमध्ये अडचण असेल.
- ५०२, ५०३ किंवा ५०४ हे आकडे दिसले तर पत्ता सापडला आहे. अडचण वेबसाइटच्या सर्व्हरवर आहे, तुमचा मोबाइल ठीक आहे.
- ४०४ म्हणजे वेबसाइट उघडली, पण ते विशिष्ट पान तिथे नाही.
- 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' आलं तर सुरक्षेचा प्रश्न आहे. अशा पानावर पासवर्ड किंवा ओटीपी टाकू नका.

पत्ता सापडत नसेल तर या क्रमाने करून पाहा:

१. दुसरी एखादी वेबसाइट उघडा. तीही उघडत नसेल तर अडचण तुमच्या नेटची आहे.

२. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर किंवा दुसऱ्या कंपनीच्या सिमवर तीच वेबसाइट उघडा. तिथे उघडली तर पहिल्या कंपनीच्या रिझॉल्व्हरकडे जुना पत्ता असण्याची किंवा तिथेच बिघाड असण्याची शक्यता आहे.

३. एअरप्लेन मोड अर्धा मिनिट सुरू करून बंद करा. राउटर असेल तर तोही बंद करून सुरू करा. जवळ साठवलेली जुनी उत्तरं अनेकदा यामुळे निघून जातात.

४. अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' शोधा. जाहिराती बंद करण्यासाठी कोणी तिथे एखादं नाव टाकून ठेवलं असेल आणि ती सेवा बंद पडली, तर फुल रेंज असूनही काहीच उघडत नाही. तो पर्याय 'ऑटोमॅटिक'वर ठेवा.

५. राउटर किंवा कॉम्प्युटरवर सार्वजनिक रिझॉल्व्हर वापरून पाहता येतो. गुगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हे प्रसिद्ध आहेत. टाइप करताना आकडे इंग्रजीत टाका. मात्र हेही कधीतरी बंद पडतात. १४ जुलै २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरचा रिझॉल्व्हर सुमारे एक तास बंद होता. म्हणून दुसरा पर्याय भरून ठेवलेला बरा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. अधिकृत वेबसाइट उघडत नाही म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेली 'नवीन लिंक' वापरू नका. फसवणारे अशाच वेळेची वाट पाहत असतात. लिंक उजवीकडून वाचा. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी नाव 'डॉट जीओव्ही डॉट इन'ने संपत असेल तर ते सरकारी. 'भंडारा-जीओव्ही डॉट कॉम' अशी रचना दिसली, तर सुरुवात कितीही ओळखीची वाटली तरी ते नाव सरकारी नाही.

तुमची स्वतःची वेबसाइट असेल तर

भंडाऱ्याची पितळी भांडी, आंधळगावचं कोसा कापड किंवा तुमसर परिसरातला तांदूळ. आज छोटे व्यावसायिकही वेबसाइट काढून माल विकतात. वेबसाइट बनवणारा सहसा ओळखीतला कोणीतरी असतो आणि डोमेनही तोच स्वतःच्या नावावर घेतो. दोन-तीन वर्षांनी त्याने नंबर बदलला, की मालकाला स्वतःच्याच दुकानाच्या पाटीवर हक्क सांगता येत नाही. हे टाळण्यासाठी एवढं करा:

- डोमेन स्वतःच्या किंवा दुकानाच्या नावावर नोंदवा. पासवर्ड स्वतःकडे ठेवा.
- नूतनीकरणाची सूचना येणारी ईमेल त्याच डोमेनवरची नको. डोमेन बंद पडलं तर ती ईमेलही बंद पडते आणि सूचना पोहोचतच नाही.
- ऑटो-रिन्यू सुरू ठेवा आणि कार्डाची मुदत तपासा. मुदत संपल्यावर डोमेन परत मिळवायला मर्यादित दिवस मिळतात, त्यासाठी जास्त पैसे लागतात आणि नंतर ते कोणीही घेऊ शकतं.
- किमान दोन नेमसर्व्हर ठेवा आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी आहेत का ते विचारा.
- डोमेन लॉक आणि दोन टप्प्यांचं लॉगिन सुरू करा. डीएनएसची किल्ली चोराच्या हाती गेली, तर तो तुमचे ग्राहक थेट स्वतःच्या पानावर नेऊ शकतो.
- सध्याच्या सगळ्या नोंदींचा एक स्क्रीनशॉट काढून ठेवा. बदल करताना काही बिघडलं, तर आधी काय होतं हे लगेच कळेल.

यातल्या बहुतेक गोष्टींना वेगळा खर्च नाही, अर्धा तास पुरतो. वेबसाइटची सजावट, फोटो आणि रंग यांवर आपण कितीतरी वेळ घालवतो. पण ग्राहक असो की शेतकरी, त्याला पत्ताच सापडला नाही तर आत काय आहे हे त्याला कधी दिसतच नाही. तुमच्या डोमेनची मुदत कधी संपते आणि ते कोणाच्या नावावर आहे, या दोन प्रश्नांची उत्तरं आजच तपासून घ्या.